धडा

तक्त्यातला एकोणिसावा रकाना माझा.
अन्नाची साखळी, देशवार, सालवार,
त्यातलं फक्त वेष्टन,
म्हणजे खाऊन झाल्यावर हातात उरतं ते.
एकक किलोटन.
चेंबूरच्या ऑफिसात एसी असा की
मे महिन्यातही खुर्चीला शाल टांगलेली असते.

पहिली ओळ नव्वद सालची.
आकडा बारीक, संकोचून उभा.
मी त्यात भाऊंना शोधते.

घोडपदेवचं दुकान, छताच्या हुकाला सुताचं रीळ,
कालचा अग्रलेख तिरका दुमडून
त्यात पावशेर तूरडाळ,
दोन फेरे उभे, दोन आडवे,
आणि बोटाच्या झटक्यानं तुटलेला दोरा.
तो दोराही कुणी फेकत नसे.
कोरीनबाई डिमेलोंच्या खिडकीत
त्याचा नारळाएवढा गुंडा होता,
त्याचं पुढे काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गोडेतेलाला गिऱ्हाईक आपली किटली आणायचं.
भाऊ रिकामी किटली एका पारड्यात ठेवत,
दुसऱ्यात छटाक, खडे, एकदा तर गंजका नट,
काटा सरळ होईतो.
"आधी धडा करायचा.
भांड्याचं वजन कुणाच्या माथी मारायचं नाही."
मला वाटायचं, शाळेतले धडेही
असेच कुणीतरी खडे टाकून करत असेल.

मग ओळी खाली उतरतात, आकडे वर चढतात.
कुठल्यातरी ओळीत ती दुपार आहे
जेव्हा भाऊंनी दाराला वेफर्सची पहिली माळ लावली.
फुगलेली पाकिटं, पंख्यानं सळसळणारी.
"हवा विकायला आणलीय," म्हणाले, आणि हसले.
संध्याकाळपर्यंत माळ संपली.
माझी कॉलेजची फी त्या हवेतून भरली,
हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

तेल पिशवीत आलं, तराजू माळ्यावर गेला.
रीळ संपलं तेव्हा नवीन आणलं नाही.

आलेखाला मी नारिंगी रंग देते.
दस्तूरसाहेबांना लाल चालत नाही,
लाल पाहिला की लोक पान उलटतात म्हणे.
खाली बारीक अक्षरात तळटीप:
अनौपचारिक क्षेत्राची माहिती उपलब्ध नाही.

एका शनिवारी माहिती बघायला गेले.
बैंगनवाडीत, दुसऱ्या गल्लीच्या टोकाला
जैबुन बसली होती पाय पसरून.
बाटल्या इकडे, दुधाच्या पिशव्या तिकडे,
हात बघत नव्हते, फक्त ओळखत होते.
आतून चांदी असलेलं पाकीट आलं की
ती ते खांद्यावरून मागं टाकी.
"इसका भाव नहीं."
मागं केवढा ढीग, पण तिनं वळून पाहिलं नाही.

मग तिनं काट्याला रिकामं पोतं अडकवलं,
सुई कुठं थांबते ते मला दाखवलं.
"बोरे का पहले काटने का."
मी वहीत काही लिहिलं नाही.
घशात एकदम गोडेतेलाचा वास आला.

काल रात्री उशीर झाला, खिचडी मागवली.
एका माणसाची खिचडी, पाच डबे:
खिचडी, कढी, पापड, लोणचं,
आणि एकात कांद्याच्या दोन चकत्या.
धुतले. सिंकखाली रचले.
आता तिथे त्रेचाळीस आहेत,
कोरीनबाईंसारखंच, कशाला ते माहीत नाही.

ओट्यावर डिजिटल काटा आहे.
एक रिकामा डबा त्यावर ठेवला,
बटण दाबलं.
शून्य.
डबा समोर, आणि काट्याच्या लेखी नाही.

केवढं सोपं झालं, भाऊ.
तुम्हाला त्याच्याइतकं काहीतरी
समोरच्या पारड्यात ठेवावं लागायचं.